भरतीच्या वेळा आणि अकरा माणसं : देवबागच्या सहा दिवसांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्याचं एक कुटुंब. माणसं अकरा. आजी-आजोबा, थोरला मुलगा आणि सून, त्यांची सोळा वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा; धाकटा मुलगा, सून आणि सहा वर्षांची चिमुरडी; शिवाय दुबईहून येणारी आत्या आणि तिचे यजमान. आजींचं वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. आजोबा निवृत्त शिक्षक, मधुमेह आहे पण चालणं भरपूर. आत्या चार वर्षांनी येत होती, त्यामुळे सगळ्यांनी एकत्र कुठेतरी जायचं आणि तेही समुद्रावर, एवढं पक्कं होतं.

नावं आणि ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. तारखा मात्र तशाच ठेवल्या, कारण या प्रकरणात सगळा खेळ तारखांचाच आहे.

मी ओळखीच्या कुटुंबांना सहली आखून देते. बुकिंग त्यांचं ते करतात, मी दिवसांची मांडणी करते. थोरल्या सूनबाईंचा फोन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला. तेव्हा त्यांच्या हातात एका सहल कंपनीने दिलेला आराखडा होता: ३० डिसेंबरच्या रात्री ठाण्याहून कोकणकन्या, ३१ ला सकाळी कुडाळ, तिथून तारकर्लीजवळ देवबागला मुक्काम, ५ जानेवारीला परत. मधल्या दिवसांत सतरा ठिकाणं. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, “अगं, हे जरा बघून दे. मला काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही.”

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ३० डिसेंबरच्या गाडीचं ३१ ऑक्टोबरला उघडणार होतं. म्हणजे हाती जेमतेम दहा दिवस. नाताळ-नववर्षाच्या आठवड्यात कोकणकन्येची अकरा तिकिटं मिळवायची तर त्या सकाळी मोबाइल हातात घेऊन बसावं लागतं. आराखड्यात बदल करायचा तर त्याआधी.

अडचण

पहिल्या नजरेला आराखडा वाईट नव्हता. सिंधुदुर्ग किल्ला, त्सुनामी आयलंड, डॉल्फिन, स्कूबा, निवती, भोगवे, वेंगुर्ला, आरवलीचा वेतोबा, रेडीचा गणपती, एक दिवस कुणकेश्वर-देवगड-विजयदुर्ग. एकही ठिकाण वगळावं असं नाही, आणि त्यामुळेच तो खटकत होता. किनाऱ्यावरच्या सहलीत किनाऱ्यावर बसायला वेळच नव्हता. सकाळी साडेआठला गाडीत, संध्याकाळी सातला परत, असे चार दिवस. सहा वर्षांच्या मुलीला वाळूचा किल्ला करायला पहिल्या दिवसाची एक संध्याकाळ मिळाली असती.

पण गर्दी हा त्यातला लहान दोष होता. मोठे दोष दोन होते आणि ते ठिकाणांच्या यादीत दिसत नव्हते.

पहिला दोष पाण्याचा. ३ जानेवारीला सकाळी अकरा वाजता त्सुनामी आयलंड लिहिलं होतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे संगमाच्या तोंडाशी हा वाळूचा पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला, असं स्थानिक सांगतात. तो नीट दिसतो ओहोटीला. भरतीला त्यावर पाणी चढतं. ३ जानेवारी म्हणजे त्या वर्षी पौष पौर्णिमा, आणि पौर्णिमेला आपल्या या किनाऱ्यावर पूर्ण भरती येते साधारण अकरा-सव्वाअकराच्या सुमाराला. म्हणजे नेमक्या चुकीच्या वेळी आणि महिन्यातल्या सर्वांत मोठ्या भरतीपैकी एकीला या मंडळींना तिथे उभं केलं असतं. आजींना होडीतून उतरायला कोरडी वाळूच मिळाली नसती.

इथे एक साधा हिशेब सांगते, कोळीवाड्यांत तो लहान पोरांनाही येतो. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. ठिकाणागणिक थोडा फरक पडतो, आणि होडी ठरवण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघायलाच हवं. पण आराखडा हातात आल्यावर दोन मिनिटांत चूक पकडायला हा पुरतो. पंचांग भिंतीवर असतं, कुणी उलटून बघत नाही.

दुसरा दोष आकाशाचा. स्कूबा शेवटच्या दिवशी सकाळी, ५ जानेवारीला ठेवला होता, आणि आत्या व तिचे यजमान त्याच दुपारी तीनच्या विमानाने मोपाहून, म्हणजे उत्तर गोव्यातल्या विमानतळावरून, निघणार होते. पाण्याखाली दाबात श्वास घेतला की रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन जास्त विरघळतो. वर विमानात हवेचा दाब कमी असतो, तिथे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त बुड्या किंवा अनेक दिवस बुड्या मारल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसू नये, असा डायव्हिंगमधला सर्वमान्य संकेत आहे. इथे मध्ये सहा तास होते. मालवणजवळची पर्यटकांची बुडी उथळ असते, धोका कमी असतो, हे खरं. तरी मी कुणाच्या बहिणीवर तो प्रयोग करणार नव्हते.

कंपनीच्या माणसाला सूनबाईंनी हे विचारलं. उत्तर आलं, “मॅडम, सगळे जातात.”

पर्याय

चार वाटा होत्या.

सर्वांत चांगली वाट होती ती आधीच बंद झाली होती: सहल एक आठवडा पुढे ढकलणं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं, जास्त खाली जातं, ओढ जोराची असते आणि तळची माती ढवळून पाणी गढूळ होण्याची शक्यता वाढते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, पाणी शांत. त्या दिवसांत पूर्ण ओहोटी दुपारी बाराच्या सुमाराला येते, म्हणजे आयलंडला उजेडात निवांत वेळ. पण आत्याची रजा ६ जानेवारीला संपत होती आणि मुलांच्या शाळा ५ लाच सुरू होत्या (एक दिवस बुडवायचं आधीच ठरलेलं). तारीख हलणार नव्हती.

दुसरी वाट दोन मुक्कामांची: तीन रात्री देवबाग, दोन रात्री वेंगुर्ला. धाकट्याला ही आवडली होती, कारण वेंगुर्ल्याचा सागरेश्वर किनारा त्याने फोटोत पाहिला होता. दक्षिणेकडची ठिकाणं, वेतोबा, शिरोडा, रेडी, सगळी जवळ आली असती आणि मोपाही. विरोधात एकच गोष्ट होती, पण ती जड होती. अकरा माणसांचं सामान बांधून मुक्काम बदलण्यात एक अर्धा दिवस सरळ जातो, आणि आजींच्या औषधांची, गरम पाण्याची, कमोडची घडी पुन्हा नव्याने बसवावी लागते.

तिसरी वाट गोव्याची. आत्याच्या यजमानांनी सुचवली, बाकी कुणी उचलून धरली नाही.

चौथी: मुक्काम देवबागलाच, एकाच घरगुती निवासात. वाटाड्या घेऊन फिरायचे दिवस मोजके आणि तेही अर्धे. उरलेला वेळ पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत. कुणकेश्वर-विजयदुर्ग आणि वेंगुर्ला-रेडी हे दोन्ही लांबचे दिवस रद्द.

यात आजोबांचा बळी जात होता. ते विजयदुर्गासाठीच येत होते म्हटलं तरी चालेल. वाघोटण खाडीच्या तोंडावरचा तो किल्ला, जवळची आरमाराची गोदी, हे त्यांनी वर्गात पस्तीस वर्षं शिकवलेलं आणि स्वतः कधी न पाहिलेलं. देवबागहून जाऊन-येऊन चार-साडेचार तास गाडीत जातात. मी म्हटलं, पहिल्या आराखड्यातला तो दिवस नऊ जणांसाठी शिक्षा आहे. फोनवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आजोबाच म्हणाले, “राहू दे. सिंधुदुर्ग तर आहे.”

इथे मी एक गोष्ट विचारायला हवी होती, ती विचारली नाही. त्याबद्दल पुढे.

काय ठरवलं आणि का

चौथी वाट घेतली. मांडणी करताना मी तीन गोष्टी आधी खिळ्यासारख्या ठोकल्या: पाण्याच्या वेळा, आत्याचं विमान आणि आजींचे गुडघे. बाकी सगळं त्यांच्या भोवती.

वाटाड्या कुठे घ्यायचा हा खरा प्रश्न होता. माझं मत असं की समुद्र दाखवायला माणूस लागत नाही, गोष्ट सांगायला लागतो. सिंधुदुर्ग किल्ल्यात वाटाड्या नसेल तर पर्यटक तटावर फोटो काढून परततो. कुरटे बेटावरचा हा किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झाली, बांधकाम हिरोजी इंदुलकरांकडे होतं, पायाच्या दगडांत शिसं ओतलं गेलं. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवराजेश्वराचं मंदिर. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे. हे सगळं सुमारे ४८ एकरांत पसरलेलं आहे आणि होडीवाले सहसा तासाभराची मुदत देतात. तासाभरात काय बघायचं, कुठे थांबायचं, कुठे आजींना सावलीत बसवायचं, हे माहीत असलेला माणूसच तो वेळ सार्थकी लावतो. २०२५ च्या जुलैमध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले त्यांत सिंधुदुर्ग आहे, त्यामुळे या हंगामात गर्दी वाढणार हेही धरलं होतं.

तर किल्ला १ जानेवारीला, सकाळच्या पहिल्या होडीने. सूनबाई हादरल्या. “एक तारखेला? मुंगीला जागा नसेल.” मी म्हटलं, एकतीसच्या रात्री जागलेली माणसं सकाळी आठला धक्क्यावर येत नाहीत. शिवाय त्या दिवशी त्रयोदशी, भरती पावणेदहाच्या सुमारास. पाणी वर असलं की होडी धक्क्याच्या पायऱ्यांना बरीच जवळ लागते आणि आजींना खोल उतरावं लागत नाही. होडीवाल्याशी आधी बोलून तासाऐवजी दीड तास ठरवला.

दुसरा वाटाड्याचा दिवस समुद्रापासून दूर ठेवला, पौर्णिमेला. धामापूरचा तलाव, १५३० च्या सुमाराचा, भगवतीचं देऊळ काठावर. हा तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत गेला. मग वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याच्या पायथ्याचं तळं. शेवटी पिंगुळी, जिथे ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गुरांच्या गोठ्यातून उभं केलेलं संग्रहालय बघायला फार तर एक तास लागतो. सकाळी साडेआठला निघून दीडला जेवायला परत.

तिसरा, पाण्यातला: स्कूबा आणि डॉल्फिन. हा २ जानेवारीला सकाळी ठेवला आणि ४ जानेवारीची सकाळ मुद्दाम रिकामी सोडली. वाऱ्यापाण्यावर अवलंबून असलेली गोष्ट सहलीच्या पहिल्या अर्ध्यात घालायची, म्हणजे हुकली तर दुसरी संधी उरते. ४ ला सकाळी बुडी झाली तरी ५ च्या दुपारच्या विमानाला तीस तासांचं अंतर राहत होतं. २ ला दुपारी साडेतीनला त्सुनामी आयलंड, कारण चतुर्दशीची ओहोटी पावणेपाचला.

बाकी सगळं मोकळं. कागदावर मी तिथे फक्त ‘पुळण’ असं लिहिलं होतं.

धाकट्या सूनबाईंची एक अट होती: होडीत बसेल त्या प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, पोहता येणाऱ्यांच्यासुद्धा. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले होते, ते त्यांच्या डोक्यात होतं. सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचं जॅकेट सगळीकडे नसतं. ते त्यांनी ठाण्याहूनच विकत नेलं. माझ्या आराखड्यात हे नव्हतं. असायला हवं होतं.

प्रत्यक्षात

कोकणकन्या सव्वा तास उशिरा. पहिला दिवस त्यातच गेला, आणि रिकामा ठेवला होता म्हणून काही बिघडलं नाही.

किल्ल्याची सकाळ अपेक्षेपेक्षा चांगली गेली. पहिल्या होडीत यांच्याशिवाय एकच कुटुंब. वाटाड्या मालवणचाच, चाळिशीचा; आजोबा शिक्षक आहेत हे कळल्यावर त्याने सांगणं थांबवून विचारायला सुरुवात केली. दोघांची तटबंदीवरून जुंपली. सोळा वर्षांच्या नातीने नंतर आईला सांगितलं की आजोबांना असं बोलताना तिने पहिल्यांदा पाहिलं. आजी शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत आल्या आणि तिथेच बसल्या. तटावर चढायचा त्यांचा विचारही नव्हता. परतताना, साडेदहाला, धक्क्यावर रांग वळणापर्यंत गेली होती.

दुपार मोकळी होती. आणि इथून माझा आराखडा गळायला लागला.

मोकळा वेळ म्हणजे काय, हे मी एका माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, माझ्या. मुलांना पुळण मिळाली, ती संध्याकाळपर्यंत पाण्यातून बाहेर आली नाहीत. मधल्या पिढीला झोप मिळाली. आजींना काय मिळालं? एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि समोर समुद्र. वाळूत त्यांना चालता येत नाही, काठी रुतते. मासे त्या गुरुवारी खात नाहीत, त्यामुळे जेवणाचं कौतुकही नाही. मी त्यांना दमणूक होऊ नये म्हणून सगळी काळजी घेतली होती आणि त्या दमल्या नव्हत्याच. कंटाळल्या होत्या. रात्री त्यांनी थोरल्याला विचारलं, “उद्या पण इथेच बसायचंय का?”

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून वारा. स्कूबावाल्या पोराने पाण्याकडे बघून सरळ सांगितलं, “आज नको. पाणी गढूळ आसा, काय दिसाचा नाय.” पैसे घेऊन बुडवून आणणारेही असतात, हा तसा नव्हता. डॉल्फिनची फेरीही रद्द. रिकामी ठेवलेली ४ तारीख आता भरली. पण सकाळी आठला अकरा माणसं हातात काही नसलेली, तयार होऊन बसलेली. मोकळ्या वेळात आणि रद्द झालेल्या वेळात फरक असतो. पहिल्यात माणूस पसरतो, दुसऱ्यात चिडतो. दहाच्या सुमारास एक वॉटर स्पोर्ट्सवाला आला आणि थोरल्याने, निव्वळ काहीतरी करायचं म्हणून, सगळ्यांसाठी बनाना राइड, जेट स्की वगैरेचं पॅकेज घेतलं. बारा वर्षांचा मुलगा त्यात तीनदा पाण्यात पडला, दुपारपर्यंत ओल्या अंगाने वाऱ्यात फिरला.

त्याच सकाळी घरमालकीणबाईंनी आजींना स्वयंपाकघरात बोलावलं. माझ्या कागदावर नसलेली गोष्ट. काळ्या वाटाण्याचं सांबार कसं करतात ते बघता बघता दोघींचं जमलं. मग त्या आजींना रिक्षाने मालवणच्या बाजारात घेऊन गेल्या, कोकम, खाजा, खडखडे लाडू. दोन तासांत आजींचा चेहरा बदलला होता, असं धाकट्या सूनबाई सांगतात.

दुपारी साडेतीनला त्सुनामी आयलंड. संगमाच्या आत वाऱ्याचा जोर कमी होता, ओहोटी लागली होती, वाळू उघडी पडत होती. होडीवाल्याने चारच्या पुढे निघायची घाई केली, कारण सुकतीला पाणी उथळ होतं आणि होडी टेकते. हे मला ठाऊक नव्हतं. मी पूर्ण ओहोटीचा नेमका क्षण साधायच्या नादात होते. त्याच्या बरंच आधी पोहोचून पाणी पूर्ण उतरायच्या आतच निघावं, हे होडीवाल्याला कळतं. पाऊण तास मिळाला. पुरला.

पौर्णिमेचा दिवस आजींचा. वालावलच्या देवळात त्या पाऊण तास बसल्या, कुणी उठवलं नाही. पिंगुळीत सहा वर्षांच्या मुलीने बाहुली हातात धरून नाचवली आणि तिथून निघायला तयार होईना. सोळा वर्षांची नात मात्र धामापूरला गाडीतून उतरलीच नाही. तिला देवळं नको होती, तिने ते सहलीच्या आधीच सांगितलं होतं, आणि कुणीही, मीसुद्धा, तिला त्या सकाळी देवबागलाच राहा असं म्हटलं नाही. अकरा माणसांनी अकरा जागी एकत्रच गेलं पाहिजे असा कुठे नियम आहे?

४ जानेवारी. पाणी पुरतं स्वच्छ नव्हतं पण चाललं. आत्या, तिचे यजमान, धाकटा आणि नात यांनी बुडी मारली. मुलाला सर्दी झाली होती. सर्दीत कानाचा दाब सारखा करता येत नाही, त्यामुळे त्याला नाही म्हणावं लागलं. सगळ्यांत आधीपासून स्कूबा-स्कूबा करत होता तो तोच. होडीत बसून रडला. डॉल्फिन दिसले, लांबून दोन पाठी.

ती माणसं पाण्यात असताना कोळी किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढत होते. आजोबा फिरायला गेले होते. बघता बघता दोरीला हात लावला, रापणकरांनी हसून जागा करून दिली. जाळ्यात काही फार लागलं नाही. आजोबांनी त्याचे फोटो नाहीत याचं दुःख अजून केलेलं नाही. त्यांच्या मते तिथे फोन नव्हता तेच बरं.

निष्पत्ती

५ तारखेला आत्या मोपाहून निघाली, बाकीचे संध्याकाळच्या कोकणकन्येने कुडाळहून. कुणी आजारी पडलं नाही, मुलाची सर्दी सोडून. सतराऐवजी सात ठिकाणं झाली. सूनबाईंनी परत आल्यावर मला एक लांब संदेश पाठवला, त्यातलं निम्मं कौतुक होतं. उरलेलं निम्मं मी जपून ठेवलं आहे: “मोकळा वेळ छान होता, पण तो कुणासाठी मोकळा आहे हे तू लिहिलं नव्हतंस.”

एक तारखेच्या गर्दीबद्दलचा अंदाज, स्कूबाची राखीव सकाळ आणि विमानाचं अंतर हे तीन निर्णय बरोबर ठरले. दोन मुक्काम न करण्याबद्दल धाकटा अजून कुरकुरतो. माझं मत बदललेलं नाही.

आता आखलं तर

रिकाम्या वेळात काय करायचं हे ठरवणार नाही, पण तो कुणाला जड जाईल हे आधी विचारीन. समुद्र हा मुलांचा आणि पोहणाऱ्यांचा असतो. वाळूत न चालता येणाऱ्या माणसाला किनारा म्हणजे भिंत. अशा माणसासाठी रोज एक पक्की जागा हवी, देऊळ, बाजार, कुणाचं स्वयंपाकघर. मुक्काम ठरवताना मी समुद्र किती पावलांवर आहे ते विचारलं होतं. घरात बोलायला कोण आहे ते नव्हतं विचारलं. ते नशिबाने चांगलं निघालं.

रद्द होऊ शकणाऱ्या सकाळीसाठी बदली कार्यक्रम आधीच लिहून देईन. वारा सुटला तर पिंगुळीचा दिवस २ तारखेला उचलून आणता आला असता, गाडीवाला ओळखीचा होता, एक फोन पुरला असता. मग ते पॅकेज घेतलं गेलं नसतं, मुलगा वाऱ्यात भिजला नसता, आणि कदाचित ४ ला त्याने बुडी मारली असती. कदाचित. सर्दी पोरांना तशीही होते.

होडीवाल्याशी दिवस ठरवण्याआधी बोलेन, नंतर नाही. माझ्या हिशेबातली भरतीची वेळ बरोबर होती, पण त्या वेळेचं काय करायचं हे त्याला माहीत होतं.

आणि आजोबांना विचारीन, की विजयदुर्ग सगळ्यांबरोबरच बघायचा आहे का. हा प्रश्न मी ऑक्टोबरमध्ये विचारला नाही. १ तारखेची दुपार पूर्ण मोकळी होती. थोरला आणि आजोबा दोघंच गाडी घेऊन गेले असते तर अंधार पडता परतले असते, नऊ जणांना काही त्रास नव्हता. मी दिवस अकरा जणांचा धरून बसले होते. आता त्या दोघांसाठी वेगळं आखते आहे: होळीनंतर, रेल्वेने कणकवलीपर्यंत, दोन रात्री देवगडला. आजोबांनी तिथी माझ्याआधी पाहून ठेवली आहे. सप्तमी-अष्टमी.